एकतिसाव्या वर्षी हाडं विरळ निघतात तेव्हा

माझं मनगट मोडलं ते अगदी किरकोळ पडण्यात. जुलैचा पाऊस, गॅलरीतली ओली फरशी आणि वाळत घातलेले कपडे काढायची घाई. पाय सरकला, पडताना उजवा हात टेकला आणि हाड मोडल्याचं ऐकूच आलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचीवरून पडलात?" मी म्हटलं, "उंचीवरून नाही, उभी होते तिथेच." त्यांनी माझं वय पुन्हा एकदा कागदावर पाहिलं आणि प्लास्टर निघाल्यावर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून यायला सांगितलं.

उभ्या उभ्या पडून हाड मोडलं तर डॉक्टर सावध होतात. एवढा मार तरुण हाडानं साधारणपणे सोसायला हवा. माझ्या कण्याची घनता इतरांच्या तुलनेत किती, हे सांगणारे दोन आकडे आले: टी-स्कोअर उणे २.६ आणि झेड-स्कोअर उणे २.४. आलेखावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे होते आणि माझा ठिपका लाल पट्ट्यात. खाली यंत्रानंच छापलं होतं, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार. आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आजीचं दुखणं. तुला कसं?"

त्या दिवशी मला आईचा राग आला होता. पुढे बरंच वाचल्यावर आणि दोन चांगल्या डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं की तरुण माणसाच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. गोळी कोणती, कॅल्शियम किती, हे सगळं त्यानंतर.

हाडं म्हणजे दगड नव्हेत

सांगाडा म्हटलं की शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला टांगलेला पांढरा सापळा आठवतो. तो मेलेला असतो. आपल्या आतलं हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं आणि तिथे बारा महिने दुरुस्ती चालू असते. कोकणात पावसाआधी कौलारू घराची शाकारणी करतात तसंच हे काम. फुटकी, जुनी कौलं काढायची आणि नवी बसवायची. हाडात काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि बसवणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्यानं घडतो.

यात काढणं झटपट होतं आणि बसवणं सावकाश. एका जागचं जुनं हाड काढायला काही आठवडे पुरतात, पण तिथे नवं भरायला काही महिने जातात. म्हणून शरीरात काही कारणानं काढणाऱ्यांचा जोर वाढला की बसवणारे मागे पडतात आणि छप्पर विरळ होत जातं. बाहेरून काही कळत नाही. दुखतही नाही. पहिली खबर येते ती हाड मोडल्यावरच.

हाड कमी असण्याचा दुसरा मार्ग असा, की छप्पर मुळात पूर्ण चढलंच नाही. अठरा-वीस वर्षांपर्यंत आपल्या आयुष्यातलं जवळजवळ ९० टक्के हाड तयार झालेलं असतं आणि तिशीच्या आसपास ते शिखराला पोचतं. ज्या मुलीचं किंवा मुलाचं वाढीचं वय आजारपणात, उपासमारीत किंवा पाळी लांबण्यात गेलं, त्यांचं शिखरच बुटकं राहतं. पुढे काही झीज झाली नाही तरी स्कॅनमध्ये आकडा कमीच दिसतो.

आणखी एक प्रकार आहे आणि आपल्याकडे तो वारंवार निसटतो. स्लॅब टाकताना आधी सळया बांधतात, मग काँक्रीट ओततात. हाडातही प्रथिनांच्या तंतूंची जाळी आधी बनते आणि त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार नंतर बसतात. ड जीवनसत्त्व फार काळ कमी राहिलं की सळया बांधलेल्या, पण काँक्रीट आलंच नाही, अशी गत होते. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. लहान मुलांत हेच झालं की तो मुडदूस. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचा माल चांगला असतो, पण कमी असतो. ऑस्टिओमलेशियात माल कच्चा असतो. डेक्सा यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. पण ऑस्टिओमलेशियात अंग दुखतं, मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात आणि रक्तात बहुधा अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं सापडतं. हे ओळखणं फार महत्त्वाचं, कारण ड जीवनसत्त्व भरून दिलं की ही हाडं झपाट्यानं सुधारतात. ते न भरता हाडं टिकवणारं जोरदार औषध दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं.

लाल पट्टा कुणासाठी आखलाय?

डेक्सा स्कॅनमध्ये दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण कण्यातून आणि खुब्यातून पाठवतात आणि किती अडले यावरून हाडातले क्षार मोजतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, किरणांची मात्रा अगदी थोडी.

टी-स्कोअर तुमची तुलना निरोगी तरुणांच्या सरासरीशी करतो, झेड-स्कोअर तुमच्याच वयाच्या आणि लिंगाच्या लोकांशी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये रेषा आखली ती अशी: टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया (हाडं थोडी विरळ), उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. ही रेषा पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी होती. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर पाहायचा असतो. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर 'वयाच्या मानाने कमी' एवढंच म्हणायचं. नुसत्या आकड्यावरून तरुण माणसाला ऑस्टिओपोरोसिस झाला असं ठरवत नाहीत. यंत्राला हे तारतम्य नसतं, ते लाल पट्टा छापून मोकळं होतं. म्हणून तुमच्या कागदावर छापलेल्या निदानाच्या शब्दाआधी झेड-स्कोअरची ओळ शोधा.

आकडेशास्त्र असंही सांगतं, की शंभर धडधाकट तरुणांना उभं केलं तर त्यांतल्या दोघांचा झेड-स्कोअर उणे २ च्या खाली असणारच. जसा कुणी फार बुटका असतो, तसं कुणाचं हाड जन्मजात हलकं. त्यांना काहीच आजार नसतो.

त्यातून बारीक चणीच्या माणसावर हे यंत्र थोडा अन्यायच करतं. एकाच किटलीतला चहा रुंद ग्लासात आणि कटिंगच्या बारक्या ग्लासात ओता आणि आरपार पाहा. रुंद ग्लासातला चहा गडद दिसेल, बारक्यातला फिका. चहा तोच. डेक्सा हाडाची सपाट सावली मोजतो, जाडी त्याला कळत नाही. म्हणून लहान हाड विरळ नसलं तरी विरळ भासतं. पाच फूट उंचीच्या, पंचेचाळीस किलोच्या मुलीची तुलना पाश्चात्त्य देशांतल्या सरासरीशी केली तर ती मागे पडणारच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१० मध्ये भारतीय स्त्री-पुरुषांसाठी संदर्भमूल्यं प्रसिद्ध केली ती याचसाठी. तुमच्या रिपोर्टवर कोणत्या लोकसमूहाशी तुलना केली आहे ते लिहिलेलं असतं, ते जरूर विचारा.

आणि ती मोफत शिबिरं! सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ऑफिसात एक छोटं यंत्र येतं, टाच त्यात ठेवायची आणि दोन मिनिटांत 'तुमची हाडं कमकुवत' अशी चिठ्ठी मिळते. ते टाचेचं अल्ट्रासाउंड असतं. त्यातला टी-स्कोअर आणि डेक्साचा टी-स्कोअर एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत आणि ऑस्टिओपोरोसिस आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. पंचविशीतल्या मुली ही चिठ्ठी घेऊन रडवेल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं.

तुला कसं?

आता आईच्या प्रश्नाकडे. हाड सहज मोडलं असेल किंवा झेड-स्कोअर खूप खाली असेल, तर कारण शोधायचंच. बहुतेक वेळा ते हाडांत नसतं, दुसरीकडेच कुठेतरी दडलेलं असतं.

माझं आतड्यात होतं. आठ वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते आणि हिमोग्लोबिन ढिम्म हलत नव्हतं. पोट फुगायचं, तोंड यायचं, वजन वाढायचं नाही. पोट फुगलं की ॲसिडिटी, अशक्तपणा आला की 'मुलींना असतंच', आणि एकंदरीत 'तुझी प्रकृतीच तशी'. मनगट मोडल्यानंतर एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) डॉक्टरांनी हा सगळा इतिहास अर्धा तास ऐकून घेतला आणि रक्ताच्या चाचण्यांत टीटीजी नावाची एक चाचणी घातली. ती खूप वाढलेली आली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. निदान झालं सिलिॲक आजार.

या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्न शोषलं जातं. ती लव झिजून सपाट होते. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्यानं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि झीज तिथेच सर्वांत जास्त. म्हणजे मी दूध पीत होते, गोळ्या घेत होते, पण आत काही पोचतच नव्हतं. रक्तातलं कॅल्शियम टिकवणं शरीराला भागच असतं, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम उपसायला लावतात. माझ्या हाडांनी ती आठ वर्षं, कदाचित त्याहून जास्त, उसनवारी पुरवली होती.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. सिलिॲकची शंका आली म्हणून तपासणीआधीच पोळी सोडू नका. गहू बंद केला की काही काळानं चाचणी नॉर्मल येऊ लागते आणि निदान निसटतं.

सगळ्यांचंच कारण आतड्यात नसतं. माझ्या फिजिओथेरपीच्या वेळेला एक मुलगी यायची, लांब पल्ल्याची धावपटू. नडगीत दोनदा ताणाचे फ्रॅक्चर झालेले. वर्षभर पाळी नव्हती आणि ती म्हणायची, "कटकट नाही, बरंच आहे." पाळी थांबणं याचा अर्थ बहुधा इस्ट्रोजेन कमी पडलंय, आणि काढणाऱ्या पेशींना लगाम घालण्याचं काम इस्ट्रोजेनचं. शरीराला व्यायामाच्या मानानं अन्न कमी मिळालं की ते पुनरुत्पादन आधी बंद करतं. धावपटू, नर्तकी, कडक डाएट करणाऱ्या मुली, जेवणाची भीती बसलेल्या मुली, सगळ्यांत हे होतं. मुलग्यांतही होतं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, फक्त पाळीसारखी दिसणारी खूण त्यांच्याकडे नसते. यावर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्या देऊन महिन्याचा रक्तस्राव सुरू करणं पुरेसं नाही. रक्तस्राव दिसतो म्हणून हाडं भरत आहेत असं नसतं. अन्न वाढवणं, वजन परत आणणं आणि पाळी आपणहून सुरू होणं, हाच खरा इलाज.

तीन महिने पाळी आली नाही आणि गर्भधारणा नाही, तर डॉक्टरांकडे जायला हवं. हे वाक्य मुलींच्या शाळांमध्ये भिंतीवर लिहायला हवं असं मला वाटतं.

महाराष्ट्रात याची एक फार दुःखद बाजू आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची कमी वयात गर्भाशयं काढली जात असल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. चर्चा गर्भाशयाची झाली, हाडांविषयी फारसं कुणी बोललं नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं. चाळिशीच्या आतली बाई हाडांच्या हिशेबात थेट पन्नाशीपार जाते आणि तिला मोळ्या उचलायच्याच असतात. तुमच्या घरात, ओळखीत कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर बीजकोश ठेवले आहेत की काढले, हे कागदपत्रांत पाहा. काढले असतील तर हाडांची तपासणी करून घ्या, आणि पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देता येतील का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

औषधांतलं मोठं कारण म्हणजे स्टेरॉइड. दमा, संधिवात, ल्युपस, आतड्याची सूज यांसाठी प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त घ्याव्या लागल्या तर हाडं झिजतात आणि झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगानं होते. म्हणून औषध सुरू होतानाच हाडांचं बोलून घ्या. पण गोळी मनानं बंद करू नका, अचानक बंद केलेलं स्टेरॉइड जिवावर बेतू शकतं. सांधेदुखीवर जादूसारखा आराम देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. तशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. फिट्स येण्यावरची काही जुनी औषधं ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनानंही हाडांची घनता थोडी उतरते, पण इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते.

थायरॉइड जास्त चालणं, पॅराथायरॉइडची गाठ, मूत्रपिंडाचे आजार, पहिल्या प्रकारचा मधुमेह, थॅलसेमिया, धूम्रपान, दारू हीही कारणं आहेत. क्वचित कुणाला लहानपणापासून हाडं मोडण्याचा आनुवंशिक आजार असतो. डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, क्रिएटिनिन या चाचण्या लिहून देतील. त्याआधी पाळीचा इतिहास, घेतलेली सगळी औषधं, मोडलेली हाडं आणि आजी-आईचा खुबा मोडला होता का, हे एका कागदावर लिहून न्या. माझं निदान त्या कागदावरूनच झालं.

भाकरी, ऊन आणि चुना

गहू सुटला तेव्हा मला घर परकं वाटू लागलं. पोळी, शिरा, शेवया, कुरडया, भाजणीतलेही गहू. सर्वांत चकवलं ते हिंगानं. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे रोजच्या फोडणीतून थोडं थोडं ग्लूटेन जातच होतं. आईनं डबी उलटी करून घटक वाचले आणि ती डबी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. मग तिला आठवलं की तिच्या माहेरी पोळी सणालाच व्हायची. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या कशातच ग्लूटेन नाही. फक्त दळताना गव्हाच्या पाठोपाठ दळायचं नाही, म्हणून आम्ही घरघंटी घेतली.

नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. नाचणीच्या एका भाकरीतून साधारण दोनशे मिळतात, दोनशे मिलिलिटर गाईच्या दुधातून सुमारे अडीचशे, चमचाभर तिळातून शंभराच्या घरात. दही, पनीर, ताक आहेच. मासे खाणाऱ्यांना जवळा आणि सुकट, कारण ते काट्यांसकट पोटात जातात. पालकात कॅल्शियम भरपूर लिहिलेलं असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, आपल्याला फारच थोडं मिळतं. पालक खा, फक्त तो कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खायचा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका पोळते आणि दाण्याएवढ्यात किती कॅल्शियम जातं हे कुणालाच ठाऊक नसतं. मी तो खाल्ला नाही, तुम्हीही खाऊ नका. अन्नातून पुरत नसेल तर गोळी असते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीसोबत तर मुळीच नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.

ड जीवनसत्त्वाचं कोडं लोकांना सुटत नाही. एवढं ऊन, तरी कमी कसं? कारण ते ज्या किरणांनी त्वचेत तयार होतं ते किरण सूर्य वर असताना, साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यानच पुरेसे असतात. त्या वेळी आपण छपराखाली. खिडकीची काच ते अडवते, सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो आणि अंग झाकलेलं असतं. कोवळं ऊन मनाला छान वाटतं, ड जीवनसत्त्व मात्र त्यात फारसं बनत नाही. कमतरता असेल तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असा क्रम डॉक्टर बहुधा देतात. त्यानंतर महिन्यातून एकदा. काही लोक आठवड्याचा क्रम वर्षानुवर्षं चालूच ठेवतात. तसं केलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मुतखडे होतात, मूत्रपिंड बिघडतं.

हाडाला हिसका लागतो

प्लास्टर निघाल्यावर घरानं मला काचेच्या बरणीसारखं जपायला सुरुवात केली. "तू राहू दे, मी उचलते." "जिना नको." मीही घाबरले होते. ही भीती हाडांना फार महागात पडते, कारण हाड भाराप्रमाणे घडतं. अवकाशात भार नसतो, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटतं. उलट टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे जाड असतं. माणूस तोच, आहार तोच.

हाडाच्या आत बसलेल्या पेशींना हाड किंचित वाकल्याचं जाणवतं आणि त्या बांधकामाचा निरोप पाठवतात. पण एकसुरी भाराकडे त्या लवकरच दुर्लक्ष करू लागतात. म्हणून तासभर चालण्यापेक्षा चाळीस-पन्नास उड्या हाडाला जास्त काही सांगून जातात. चालणं हृदयाला उत्तम, पोहणं सांध्यांना उत्तम, पण पोहणाऱ्यांची हाडं न खेळणाऱ्यांपेक्षा मजबूत असतात असं आढळत नाही. हाडाला लागतो अचानक, थोडक्या वेळाचा हिसका आणि हळूहळू वाढत जाणारं वजन. दोरीच्या उड्या, जिना, लेझीम. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्यांत उड्या, गिरक्या, उठाबशा सगळं आहे, आणि ते वर्षातून एका रात्रीपुरतं ठेवणं मला आता पटत नाही.

वजन उचलणं मी फिजिओथेरपिस्टकडून शिकले. पाठीला बाक न देता कमरेतून वाकायचं, भार मांड्यांवर घ्यायचा. विहिरीवरून कळशी उचलणाऱ्या बायकांना हे उपजत येतं. पाच किलोपासून सुरुवात केली, दीड वर्षात तीस किलोवर आले. ज्यांच्या मणक्यात आधीच फ्रॅक्चर आहे किंवा घनता फारच कमी आहे त्यांनी उड्या आणि वजनं तज्ज्ञाला विचारूनच करावीत. त्यांनी पाठ गोल करून पुढे झुकणारी आसनं, म्हणजे पश्चिमोत्तानासन, हलासन, टाळावीत. अशा वाकण्यानं मणके दबल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. योग बंद करायची गरज नाही. ताडासन, वीरभद्रासन, एका पायावरचं वृक्षासन करता येतं, त्यानं तोलही सुधारतो.

औषध कधी?

मला हाडांचं औषध दिलं नाही आणि सुरुवातीला मला ती हेळसांड वाटली. तर्क असा होता: कारण सापडलंय, ते काढलं की तरुण हाड स्वतःच भरून येतं. तरुण माणसाचा आकडा कमी असला तरी पुढच्या काही वर्षांत हाड मोडण्याची शक्यता त्याच आकड्याच्या वृद्धापेक्षा पुष्कळ कमी असते, कारण धोका वयाबरोबर वाढतो. बिसफॉस्फोनेट गटातली, हाडांची झीज रोखणारी औषधं हाडात जाऊन बसतात आणि बंद केल्यावरही वर्षानुवर्षं तिथे राहतात. जिला पुढे मूल हवं आहे तिला ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. हाड पुन्हा पुन्हा मोडत असेल, स्टेरॉइड थांबवता येत नसेल, तर देतातही. डेनोसुमॅब हे झीज रोखणारं सहामाही इंजेक्शन असतं. त्याचं वेळापत्रक चुकवून चालत नाही. ते मध्येच सोडलं तर हाडं वेगानं उतरतात आणि मणके मोडू शकतात. ते घेणाऱ्यांनी पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा.

मूल होईल का, हा प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत दबक्या आवाजात विचारला जातो. कमी घनतेमुळे मूल होण्यात अडथळा येत नाही. बाळाच्या सांगाड्यात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जातं, पण गरोदरपणात आईचं आतडं नेहमीच्या जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषतं. अंगावर पाजताना हाडं थोडी उतरतात आणि पाजणं थांबल्यावर बहुतेकींची भरून येतात. क्वचित एखादीला बाळंतपणानंतर मणक्याचं फ्रॅक्चर होतं. बाळ उचलताना पाठीत असह्य कळ आली तर 'बाळंतपणाची कंबर' म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा.

दोन वर्षांनी त्याच यंत्रावर दुसरा स्कॅन केला. यंत्र बदललं की तुलना बिघडते आणि दर सहा महिन्यांनी स्कॅन करण्यातही अर्थ नसतो, कारण तेवढ्यात होणारा बदल यंत्राच्या चुकीत बुडून जातो. झेड-स्कोअर उणे २.४ वरून उणे १.७ वर आला होता.

सिलिॲक आजार रक्ताच्या नात्यात चालतो म्हणून आईचीही तपासणी झाली. टीटीजी ठीक होती. पण ती ६४ वर्षांची, पाळी जाऊन सतरा वर्षं झालेली, म्हणून डॉक्टरांनी डेक्साही सुचवला. तिचा टी-स्कोअर आला उणे २.६. माझा पहिला आकडा आणि तिचा आकडा सारखाच, पट्टाही तोच लाल. तिला मात्र त्याच दिवशी औषध लिहून दिलं, कारण ती रेषा आखली आहे तीच मुळी तिच्या वयासाठी.

आता रविवारी सकाळी ती उपाशीपोटी आठवड्याची गोळी घेते. पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला त्रास देते किंवा वाया जाते. तो अर्धा तास तिला जड जातो. "झाला का गं अर्धा तास?" असं ती दर पाच मिनिटांनी विचारते. मी गॅलरीत दोरीच्या उड्या मारत असते. फरशीवर आता रबरी पट्ट्या बसवल्या आहेत. पन्नास उड्या झाल्या की मी आत जाते आणि चहाचं आधण ठेवते.